बॉल पायथनची अंडी घरी उबवताना

बॉल पायथनच्या अंड्यांना माणसाकडून तीनच गोष्टी लागतात: साडेएकतीस अंश सेल्सिअसच्या आसपासची न हलणारी ऊब, भरपूर दमट हवा, आणि कुणी सारखा हात न लावणं. पहिल्या दोन पैसे मोजून मिळतात. नवख्याला जड जाते ती तिसरी.

हा लेख अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा युरोपात राहणाऱ्या, घरात बॉल पायथनची प्रौढ जोडी असलेल्या आणि या वर्षी पहिल्यांदाच पिल्लं काढायच्या विचारात असलेल्या मराठी माणसासाठी आहे. हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून तो वर्षानुवर्षं जगभर गेला. ब्रिटनमध्ये याच सापाला रॉयल पायथन म्हणतात, त्यामुळे तिथल्या दुकानात वेगळं नाव ऐकून गोंधळू नका.

आधी कायदा बघा

भारतात राहून हे वाचत असाल तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. आपला देशी अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. तो पाळणं, त्याची अंडी घरी आणणं, उबवणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. उसाच्या फडात किंवा विहिरीच्या कपारीत अंडी सापडली तर तिथेच राहू द्या आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यांचा मदत क्रमांक १९२६ आहे. दुसरं म्हणजे, बॉल पायथनसारखे परदेशी प्राणी साइट्स (धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या यादीत येतात. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांचीही नोंदणी लागते आणि घरी जन्मलेल्या पिल्लांचीही माहिती द्यावी लागते. विकणारा ‘कागद नंतर करू’ म्हणत असेल तर तो साप घेऊ नका.

परदेशातही सगळीकडे मोकळीक नाही. न्यूझीलंडमध्ये साप पाळायलाच बंदी आहे, हवाईतही. ऑस्ट्रेलियात परवाना घेऊन तिथले देशी अजगर पाळता येतात, पण बॉल पायथन नाही. अमेरिकेत बर्मीज पायथनसारख्या मोठ्या जातींवर केंद्राचे निर्बंध आहेत. बॉल पायथन त्यात नाही, पण राज्याचे, शहराचे आणि घरमालकाचे नियम वेगळे असू शकतात. इंग्लंडमध्ये पाळायला परवाना लागत नाही, मात्र विक्रीला धंद्याचं स्वरूप आलं की लागतो.

जोडी लावण्याआधी

मादीचं वजन निदान दीड किलो हवं. नर पाचशे-सातशे ग्रॅमचा असला तरी चालतो. एका खेपेला साधारण चार ते आठ अंडी येतात. नीट सांभाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीने २०२० साली, वयाची साठी उलटल्यावर, सात अंडी घातली. त्याआधी पंधरा वर्षांहून अधिक काळ तिचा नराशी संबंध आला नव्हता. अशा दीर्घायुषी प्राण्याची सहा-सात पिल्लं कुणाच्या घरी जाणार, याचं उत्तर अंडी येण्याआधी तयार हवं. साध्या रंगाच्या पिल्लांना आज बाजारात फारसा भाव नाही. वर्षभर खाऊ घातलेल्या उंदरांचा हिशेब केलात तर अनेकदा तोटाच दिसेल. पैशासाठी यात उतरणार असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

रंगप्रकारांना या वर्तुळात मॉर्फ म्हणतात. १९९२ मध्ये अल्बिनो (अंगात काळा रंगच नसलेला) आणि १९९७ मध्ये पायबाल्ड (अंगावर मोठे पांढरे भाग असलेला) आनुवंशिक असल्याचं सिद्ध झालं आणि तिथून ही हौस फोफावली. दोन्ही अप्रभावी गुण आहेत. म्हणजे अल्बिनो साप साध्या सापाशी लावला तर पहिल्या पिढीत एकही अल्बिनो दिसणार नाही, सगळी पिल्लं दिसायला साधी आणि आत जनुक बाळगणारी निघतील. हे माहीत नसल्यामुळे लोकांचा हिरमोड होतो.

काही मॉर्फ मी कुणालाच सुचवणार नाही. ‘स्पायडर’ दिसायला देखणा, पण त्याच जनुकाबरोबर तोल जाण्याचा विकार येतो: डोकं डुगडुगतं, साप उलटा होतो, भक्ष्यावर झेपावताना नेम चुकतो. कुणात कमी, कुणात जास्त, पण असतोच. दोन ‘सिनॅमन’ एकत्र केले तर चपट्या चोचीसारखं तोंड आणि मणक्यात बाक असलेली पिल्लं निघण्याचा धोका असतो. ‘डेझर्ट’च्या माद्यांना अंडी घालताना जीवघेणा त्रास होतो. जोडी ठरवण्याआधी दोन्ही सापांचे मॉर्फ आणि त्यांचे दोष वाचून काढा. उबवणीत कितीही काळजी घेतली तरी हे दोष जात नाहीत.

यंत्र आधी, अंडी नंतर

मादीच्या पोटाचा मधला भाग एक दिवस अचानक सुजल्यासारखा फुगतो, जणू मोठं भक्ष्य गिळलंय. हे बीजोत्सर्जन. ते दिवसभरात ओसरतं, म्हणून अनेकांच्या नजरेतून निसटतं. त्यानंतर दोन-चार आठवड्यांत ती कात टाकते. ती तारीख लिहून ठेवा, कारण त्या कातेनंतर साधारण महिन्याभरात अंडी येतात. तुमचं उबवणीचं यंत्र, म्हणजे इन्क्युबेटर, कातेच्या दिवशीच सुरू व्हायला हवं. महिनाभर रिकामं चालवून तापमान कुठे वर-खाली होतं ते आधीच कळू द्या.

तयार इन्क्युबेटर मिळतात. घरी करायचा असेल तर जाड भिंतींचा थर्माकोलचा किंवा पिकनिकचा थंड पेटारा घ्या, आत हीट टेप किंवा हीट केबल फिरवा, तळाशी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा. पाणी ऊब धरून ठेवतं आणि वीज गेल्यावर तापमान हळू उतरतं. जागा मोठी असेल तर एक छोटा पंखा लावा, नाहीतर वरच्या आणि खालच्या कप्प्यात दोन अंशांचा फरक पडतो. तापमान ठरल्या जागी राखणाऱ्या थर्मोस्टॅटवर काटकसर करू नका. स्वस्तातला थर्मोस्टॅट बिघडून हीटर चालूच राहिला तर अख्खी खेप एका रात्रीत जाते. त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) अंड्यांच्या डब्यापाशी ठेवा आणि शेजारी एक स्वतंत्र थर्मामीटर ठेवा. दोघांचं जमत नसेल तर तिसरा आणून भांडण मिटवा.

तापमान ३१ ते ३२ अंशांमध्ये ठेवा. थोडं खाली गेलेलं अंडी सोसतात, पिल्लं फक्त उशिरा निघतात. वर गेलेलं सोसत नाहीत. ३३-३४ च्या पुढे पाठीत बाक, डोळ्यांचे दोष आणि अंड्यातच मृत्यू हे धोके वाढत जातात. म्हणून शंका असेल तेव्हा अर्धा अंश कमीच ठेवा.

अंड्यांसाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा लागतो. त्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं, बागकामात वापरतात ते हलकं खनिज) आणि पाणी वजनाने साधारण समसमान मिसळून चार-पाच सेंटिमीटरचा थर द्या. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर थेंब-दोन थेंब पाणी निघालं तर प्रमाण जमलं. धार लागली तर जास्त झालं. मला मात्र नवख्यासाठी दुसरी पद्धत बरी वाटते: तळाला पाण्याने भिजवलेलं परलाइट (तसंच पांढरं, हलकं खनिज), त्यावर प्लास्टिकची जाळी, आणि जाळीवर अंडी. अंडी पाण्याला टेकत नाहीत, हवा पाण्याच्या वाफेने भरलेली राहते, आणि ओलाव्याचा अंदाज चुकला तरी निभावतं. झाकणाच्या आतल्या बाजूला दव दिसणं ठीक, पण ते अंड्यांवर टपकू नये. डबा किंचित कलता ठेवलात की थेंब भिंतीकडे ओघळतात.

अंडी उचलताना

मादी बहुधा रात्री अंडी घालते आणि सकाळी त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसलेली दिसते. तिने अंडी घालणं पूर्ण केलंय ना, याची खात्री करा. बर्मीज पायथन आणि आपला अजगर वेटोळ्यात अंग थरथरवून स्वतः ऊब तयार करतात. बॉल पायथन तसं फारसं करत नाही, पण अंडी झाकून त्यांची ओल टिकवतो. अनुभवी लोक मादीलाच अंडी उबवू देतात. पहिल्या वेळी यंत्र बरं, कारण मादी दोन महिने उपाशी राहत नाही आणि तापमान तुमच्या हातात राहतं.

तिच्या डोक्यावर हलकं फडकं टाका आणि शेपटीकडून वेटोळं एकेक करून सोडवा. ओढाताण नको. अंडी हाताशी आली की पेन्सिलीने प्रत्येकाच्या वरच्या बाजूला खूण करा, आणि यापुढे खूण वरच राहील हे पाहा. कोंबडीची अंडी फिरवतात म्हणून सापाचीही फिरवायची, हा गैरसमज काढून टाका. पहिल्या दिवसातच गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटायला लागतो. त्यानंतर अंडं उलटलं तर तो बलकाखाली दबून मरू शकतो.

अंडी एकमेकांना चिकटून गठ्ठा झाला असेल आणि सहज सुटत नसेल तर तसाच ठेवा. त्यामुळे काही बिघडत नाही.

खोलीत अंधार करून अंड्याला टॉर्च लावा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं फलित. नुसता पिवळा उजेड आला, आत काहीच नाही, तर बहुधा वांझ. छोटी, पिवळट, मेणचट अंडी तर बघताक्षणीच ओळखू येतात. जे शंकास्पद आहे ते फेकू नका, यंत्रात ठेवा. चांगलं अंडं कुजत नाही आणि वाईट अंडं फार दिवस लपत नाही.

इकडे मादीला कोमट पाण्यात खळखळून घ्या आणि तिचा राहायचा टब पूर्ण धुऊन काढा. अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या जागेभोवती वेटोळं घालून बसते आणि खात नाही. पहिलं खाणं नेहमीपेक्षा छोटं द्या.

मधले दोन महिने

३१.५ अंशांना पिल्लं साधारण ५५ ते ६० दिवसांत निघतात. या काळात काम फार थोडं असतं. आठवड्यातून एकदा झाकण उघडा, जुनी हवा जाऊ द्या, अंडी नुसत्या डोळ्यांनी तपासा आणि झाकण लावा. शेवटच्या दोन आठवड्यांत आठवड्यातून दोनदा उघडा, कारण आतली पिल्लं मोठी झालेली असतात आणि त्यांना हवा जास्त लागते.

सुरुवातीच्या आठवड्यांत अंड्यांना खळगे पडले तर ओल कमी आहे. परलाइटमध्ये कोमट पाणी घाला, पण अंड्यांवर नको. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पडलेले खळगे मात्र नेहमीचेच. तेव्हा घाबरून पाणी ओतणारे लोक चांगली अंडी बुडवतात. बुरशीचा ठिपका आला तर कोरड्या कापसाने टिपून घ्या. एखादं अंडं काळवंडून, गळून, वास मारू लागलं आणि सहज सुटत असेल तर काढा. गठ्ठ्यात अडकलं असेल तर राहू द्या. शेजारच्या जिवंत अंड्यांना त्याचा सहसा उपद्रव होत नाही.

वीज गेली तर यंत्र उघडू नका. रजई पांघरा, गरम पाण्याच्या बाटल्या बाहेरून लावा आणि वाट बघा. काही तास तापमान उतरल्याने खेप जात नाही.

अंडी फुटतात तेव्हा

पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक तात्पुरता दात असतो. त्याने ते कवचाला चीर पाडतं, आणि त्या चिरेतून चिकट पातळ द्राव आणि मग इवलंसं नाक बाहेर येतं. यानंतर काहीच होत नाही. पिल्लू नाक बाहेर काढून दिवसभर, कधी दोन दिवस तसंच बसतं. आत त्याचं उरलेला बलक पोटात ओढून घेणं चालू असतं. या वेळी त्याला बाहेर ओढून ‘मदत’ केली तर नाळ तुटते, बलक बाहेर राहतो, आणि पिल्लू जातं.

पहिल्या अंड्याला चीर पडल्यावर बाकीची एक-दोन दिवसांत फुटतात. ती स्वतः कापावीत की नाही यावर सापवाल्यांत अखंड वाद आहे. काही जण रंग बघायची घाई म्हणून कापतात; ते मला पटत नाही. माझं मत असं: पहिल्या चिरेनंतर पूर्ण दोन दिवस थांबा. तरीही एखादं अंडं गप्प असेल तर टॉर्च लावून शिरा कुठे नाहीत ते पाहा, आणि बारीक कात्रीने अंड्याच्या सर्वांत वरच्या टोकाला नखाएवढी खिडकी करा. शीर दुखावू नये. मग पुन्हा झाकण लावा.

पिल्लू बाहेर आलं तरी पोटाला बलकाची पिशवी लोंबत असेल तर त्याला ओल्या टिश्यूपेपरच्या छोट्या डब्यात एकटं ठेवून यंत्रातच परत ठेवा. ती पिशवी आत जाते किंवा सुकून गळते. कापायची नाही.

पहिली कात, पहिलं घर

प्रत्येक पिल्लू ग्रॅमच्या तराजूवर तोला. साठ ग्रॅमच्या आसपास भरलं तर छान, पंचेचाळीसही चालतं. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि वही करा: जन्मतारीख, वजन, कात, खाणं. नर-मादी ओळखायला शेपटीच्या मुळाशी दाब देऊन बघतात. ते जाणकाराकडून हाताला हात लावून शिका. व्हिडिओ बघून केलेल्या प्रयोगात पिल्लाला इजा होते.

प्रत्येकाचा टब वेगळा. एकत्र ठेवली तर कुणी खाल्लं, कुणी ओकलं ते कळत नाही आणि दबकी पिल्लं उपाशी राहतात. पाच-सहा लिटरचा झाकणाचा टब पुरतो. मोठं घर म्हणजे पिल्लावर प्रेम, असं वाटतं, पण मोकळ्या जागेत ते बावरतं आणि खायचं थांबतं. हवेसाठी छोटी भोकं, तळाला टिश्यूपेपर, एका टोकाला न कलंडणारी पाण्याची वाटी, आणि दोन्ही टोकांना लपायला जागा. टिश्यूच्या पुठ्ठ्याची नळीसुद्धा चालते. गरम टोक ३१-३२ अंश, थंड टोक २५ ते २७, आणि हीट मॅट थर्मोस्टॅटवरच. दमटपणा साठ-सत्तर टक्के. झाकण कुठे उचललं जातं का ते बोटाने चाचपून बघा. करंगळीएवढी फट त्यांना पुरते.

सात ते दहा दिवसांत डोळे दुधाळ होतात, मग निवळतात, आणि पहिली कात पडते. तोवर टिश्यू ओलसर ठेवा. कात तुकड्यांत निघाली तर दमटपणा कमी पडला. उरलेले तुकडे सोलू नका, ओल्या फडक्यात तासभर ठेवलं की पिल्लू स्वतःच घासून काढतं.

पहिला घास

कात पडण्याआधी खायला देऊ नका. पोटात बलक आहे, भूक नाही. कातेनंतर दोन-तीन दिवसांनी पहिलं खाणं द्या. अंगावर केस आलेलं, डोळे नुकते उघडलेलं उंदराचं पिल्लू, ज्याला हॉपर म्हणतात, किंवा त्याच वजनाचं घुशीएवढ्या जातीचं म्हणजे रॅटचं पिल्लू. सापाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे साठ ग्रॅमच्या पिल्लाला सहा ते नऊ ग्रॅम.

गोठवलेलं भक्ष्य रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या. संध्याकाळी पिशवीत बांधून गरम पाण्यात धरा, अंग उंदराच्या जिवंतपणीइतकं गरम व्हायला हवं. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतं आणि फुटतं. दिवा मंद करा, लांब चिमट्याने शेपटीकडे धरून पिल्लाच्या लपण्याच्या तोंडाशी हळूच हलवा. बॉल पायथनचं भक्ष्य ओळखणं उष्णतेवर चालतं. ओठांवर तशा खळ्याच असतात. थंड उंदराकडे ते ढुंकूनही पाहत नाही. पकडून वेटोळं घातलं की तुम्ही चिमटा सोडा आणि निघून जा. त्यानंतर दोन दिवस हाताळायचं नाही.

आता नकाराची गोष्ट, कारण बॉल पायथन खाण्याच्या बाबतीत नखरेल म्हणूनच प्रसिद्ध आहे. सहा पिल्लांतलं एखादं तरी पहिल्या वेळी तोंड फिरवेल. भक्ष्य रात्रभर टबमध्ये ठेवून सकाळी काढून टाका आणि पाच-सहा दिवस त्याच्याकडे फिरकू नका. रोज देऊन बघितलं तर ते भक्ष्यालाच घाबरायला लागतं. दुसऱ्या वेळी तापमान आधी मोजा. टबमध्ये चुरगळलेला कागद भरून जागा आणखी अरुंद करा. उंदीर आणि रॅटची अदलाबदल करून पाहा. तिसऱ्या वेळी पिल्लू आणि भक्ष्य एका छोट्या अंधाऱ्या डब्यात रात्रभर ठेवा, डबा गरम जागी. काही पिल्लं फक्त जिवंत भक्ष्यावर सुरुवात करतात. तुमच्या देशात त्याबद्दल काय नियम आणि संकेत आहेत ते बघून ठरवा, आणि डोळे उघडलेला उंदीर सापाबरोबर एकटा कधीच सोडू नका. उंदीर सापाला कुरतडतो.

वजन लिहीत असाल तर धीर धरणं सोपं जातं. निरोगी पिल्लू महिनाभर न खाताही फारसं उतरत नाही. दीड महिना उलटला, वजन घसरतंय, कणा वर दिसायला लागला, तर तोंडात घालून भरवण्याचा विचार करा, पण तो सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरसमोर बसून. हा शेवटचा उपाय आहे आणि चुकीच्या हातात तो उपासमारीपेक्षा वाईट ठरतो.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातून फेस, डोकं सतत वर ताणणं, अंगावर फिरणारे काळे बारीक किडे, यांपैकी काही दिसलं तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे न्या. ते पिल्लू वेगळ्या खोलीत, आणि त्याला हात लावल्यावर इतरांना नाही.

घरातली माणसं

दोन महिने उबवणी, पुढे दोन-तीन महिने पिल्लं. याच काळात गावाहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांना विमानात बसण्याआधी सांगा. उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीजर घ्या. खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी ते ठेवले तर घरात जे होईल ते कुठल्याही मार्गदर्शकात बसत नाही. विनोद सोडला तरी कारण खरं आहे: सरपटणारे प्राणी आणि उंदीर दोन्हींवर साल्मोनेला जंतू असू शकतात. हात साबणाने धुवा, टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्लं हाताळायला देऊ नका. म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांनाही हेच लागू.

पिल्लू दुसऱ्याला देताना

सलग तीन ते पाच वेळा स्वतःहून खाल्लेलं पिल्लूच द्या. एकदा खाल्लं म्हणजे लागलं असं नसतं. बरोबर वहीतलं पान द्या: जन्मतारीख, आई-बापाचे मॉर्फ, प्रत्येक खाण्याची तारीख, भक्ष्य उंदीर की रॅट, गोठवलेलं की जिवंत, टबचं तापमान. पालकांत दोष असलेला मॉर्फ असेल तर तोही लिहा. विचारलं नाही म्हणून लपवू नका.

घेणाऱ्याला आधी टब आणि थर्मोस्टॅट लावून दोन दिवसांचं तापमान फोटोसकट पाठवायला सांगा. पिल्लू घरी नेल्यावर पहिला आठवडा हात लावायचा नाही आणि खायला द्यायचं नाही, हे पानावर सर्वांत वर लिहा. जो घेणारा या दोन अटींना कंटाळतो त्याला पिल्लू देऊ नका, दुसरा मिळेपर्यंत टबमध्ये जागा असतेच.